आपखुशीचा जेबेझ

विलायतेतले गुन्हेगार जहाजं भरून आणून सोडतात, त्या आमच्या विंडसरात ‘कैदी’ म्हणालात तर दात हातात येतील. बेड्या घालून आणलेल्याला ‘सरकारी माणूस’ म्हणायचं. आपल्या मर्जीने आलेला तो ‘आपखुशीचा’. कशापायी आलास, हे कुणी विचारत नाही. विचारायचं फक्त, कुठल्या जहाजातून? तेवढ्यावर माणूस कळतो. माझ्या खानावळीत आपखुशीचे पुढच्या खोलीत जेवतात, सरकारी मागे चुलीपाशी.

जेबेझ ट्रँटर हा पिंपं बांधणारा. आला मेला आपखुशीने, पण भाडं वाचवायला सरकारी माणसांच्या जहाजातून, तिथली पिंपं दुरुस्त करत. जहाजाचं नाव ऐकून पुढचे खुर्च्या दूर सरकवत. मी आपखुशीचा, म्हणाला की मागचे म्हणत, बघा, आला मोठा लाटसाहेब. मग बिचारा उंबऱ्यात उभ्याने मटण खायचा. मला फार वाईट वाटायचं.

त्यात जीव जडला तो फेलिम गॅफनीच्या पोरीवर, ऊनावर. फेलिम पक्का सरकारी. तो म्हणाला, “बेड्या नसताना जो इथे येतो, तो वेडा. चोराला देईन पोरगी, वेड्याला नाही.”

जेबेझने काय करावं? भरदिवसा फेलिमचीच मेंढी चोरली, म्हणे, एकदाचा सरकारी होईन. फेलिम एवढा खूश झाला की स्वतः फिर्यादी झाला. सात वर्षं बेडी पडली तर लग्न कुणाशी लावणार, हे त्या दोन दीडशहाण्यांना सुचलंच नाही. ऊना कोर्टात रडत होती, मी तिला धरून बसले होते.

न्यायाधीशांनी कागद पाहिले, चष्मा काढला आणि जेबेझला चक्क खुर्ची दिली. म्हणाले, आपखुशीने आलेला सद्गृहस्थ चोरी कशाला करेल? मेंढीच त्याच्या मागोमाग गेली असणार. सोडा त्याला.

जेबेझ गयावया करू लागला, की साहेब, मी खरंच चोरली हो. कोण ऐकतंय? ऊनाने डोळे पुसले, पण बापाकडे बघायची तिची छाती होईना.

फेलिम उठून पुढे आला. मग टोपी काढून म्हणाला, “मायदेशी माझ्याही मागोमाग मेंढीच आली होती, साहेब. मला कुणी खुर्ची दिली नाही.”

साहेबांनी पुढचा खटला पुकारला. फेलिमने ऊनाचा हात धरून जेबेझच्या हातात दिला.

“ने हिला,” तो म्हणाला. “माझी नातवंडं तरी खुर्चीत बसतील.”