कंसातले पन्नास हजार

"येवढा पसारा आत नको, ताई. भायेर ठेवा."

माझा कोड बघायला बसला की तो आधी चौकोनी कंसातल्या आकड्यावर, म्हणजे यादीत किती नोंदी मावतील त्या आकड्यावर, बोट टेकवायचा आणि हे म्हणायचा. स्क्रीनवर बोटांचे ठसे उमटायचे. मला भयंकर राग यायचा.

तुम्ही ऑफिसात काम केलं असेल तर असा एखादा पाहिला असेलच. कमी बोलणारा, बरोबर बोलणारा आणि म्हणूनच कोणाला न आवडणारा. आमचं छोटंसं ऑफिस पनवेलला होतं. द्रोणागिरीच्या एका गोदामासाठी कंटेनरांच्या नोंदीचा प्रोग्राम आम्ही लिहायचो. हा मोरा बंदरातल्या कोळ्यांतला, घरात ऑफिसची नोकरी धरणारा पहिलाच. सहा महिने तात्पुरता होता, कायम झाल्याचं पत्र यायचं होतं. आमचे साहेब त्याच्या बोलण्याची नक्कल करत आणि आम्ही हसायचो. मीही हसले, खोटं कशाला सांगू?

गेटबाहेर जाणाऱ्या कंटेनरांची यादी काढायचं काम त्याने लिहिलं होतं. यादीत जागा दोन हजार कंटेनरांची, तेवढा आकडा कंसात. गोदाम वाढलं, तेव्हा मी त्या कंसात पन्नास हजार लिहिलं आणि मोकळी झाले. त्याने ते पाहिलं.

"ताई, फंक्शनच्या आतली यादी स्टॅकवर जाते. तिथं जागा थोडी. येवढं नाय मावायचं, प्रोग्राम पडंल."

"पडंल नाही, पडेल," मी म्हटलं. मेलं, एवढंच सुधारायला सुचलं मला. एकदा चालवूनसुद्धा पाहिलं नाही.

द्रोणागिरीत यादीचं बटण दाबलं की प्रोग्रामची खिडकी गायब. चूक काय, याची एक ओळ नाही. ट्रक गेटवर खोळंबले. गोदामाचे मॅनेजर तणतणत आमच्याकडे आले. साहेबांनी कोडच्या फाईलवरचं लिहिणाऱ्याचं नाव वाचलं आणि त्याला उभं केलं.

"सायेब, ह्यो आकडा..."

"तू गप्प बस. क्लायंटसमोर तुझं हाय-नाय नको." साहेब माझ्याकडे वळले. "मॅडम, तुम्ही सांगा. नीट मराठीत."

मी नीट मराठीत सांगितलं. यादी स्टॅकवर मावली नाही, बाहेरच्या मोठ्या मेमरीत नेली की चालेल. शब्दन्‌शब्द त्याचा. आकडा कोणी वाढवला, यावर मात्र मिठाची गुळणी धरली. मॅनेजर म्हणाले, मॅडम हुशार आहेत. चोर सोडून संन्याशाला फाशी, वर चोराला शाबासकी! साहेबांचा अजून संताप येतो. पण त्यांना माहीत नव्हतं. मला माहीत होतं.

दुपारी मी यादी बाहेर नेली आणि ट्रक सुटले. संध्याकाळी साहेबांनी त्याला सांगितलं, उद्यापासून येऊ नकोस. त्याने डबा पिशवीत टाकला आणि माझ्या टेबलाशी थांबला. वाटलं, आता शिव्या देईल. द्यायलाच हव्या होत्या.

"ताई, यादी भायेर नेलीत, बरं केलंत. पन काम झाल्यावर ती जागा मोकळी करायची राहिलीय. नायतर मेमरी भरत जाईल, आनि आठ दिवसांनी परत पडंल."

साहेबांच्या केबिनचं दार उघडंच होतं. चार पावलं होती.

मी खुर्ची पुढे ओढली आणि जागा मोकळी करायची ती ओळ लिहिली. वर पाहिलं तेव्हा तो जिना उतरून गेला होता.