वाकोल्याची कवट्यांची शेड

आम्ही जुनी मंडळी भेटलो की कुणीतरी म्हणतंच, "ती कुत्र्याची गोष्ट सांग ना!" आणि मग सुटतोच. सहा वर्षं चौघांनी एका पत्र्याच्या शेडमध्ये काढली, किस्से जमायला आणखी काय लागतं? सुरुवातीला हसतो आम्ही. चहा संपेपर्यंत मात्र कुणीतरी निघायची घाई करायला लागतं.

शेड वाकोल्याला होती. ऐंशीनंतरची वर्षं. मोने सर म्हणजे रिटायर झालेले बायोलॉजीचे मास्तर. शाळा-कॉलेजांना लागणाऱ्या जनावरांच्या कवट्या ते साफ करून, पांढऱ्या करून द्यायचे. सावंतमामा आणि मिलिंद सफाईला, मी लेबलं लिहायला नि पॅकिंगला. डोकं पिंपात आठवडेच्या आठवडे पाण्यात कुजवायचं, सुटलेलं मांस काढायचं, सोड्याच्या पाण्यानं चरबी घालवायची, शेवटी पेरॉक्साइडमध्ये पांढरं करायचं. ऐकायला सोपं वाटतं!

मामा आधी गिरणीत, ब्लीचिंग खात्यात. संपानंतर गिरणी उघडली, पण मामांसाठी नाही. सर म्हणाले, "पांढरं करायचा अनुभव आहे ना? या."

पहिल्याच आठवड्यात मामांनी सवयीनं बोकडाची कवटी ब्लीचिंग पावडरमध्ये टाकली. काही दिवसांनी उचलायला गेले, तर बोटांत नानखटाईसारखा चुरा!

"अहो सावंत, हे हाड आहे, मांजरपाट नव्हे!" सर ओरडले.

मामा चुरा हातात घेऊन तसेच उभे. म्हणाले, "बावीस वर्सां ह्याच केलंय, सर. माका दुसरा काय येणा नाय."

त्या दिवसापासून पेरॉक्साइडची बाटली मामांच्या ताब्यात.

एकदा गोरेगावच्या स्टुडिओतला सेट लावणारा माणूस आला. भुताच्या घराचा सीन, बारा कवट्या पाहिजेत. मामांनी महिनाभर जीव ओतून दुधासारख्या पांढऱ्या केल्या. त्यानं पेटी उघडली नि कपाळाला हात लावला.

"ये क्या किया यार! भूत के घर में व्हाइटवॉश?"

आणि आमच्याच किटलीतला चहा मागून घेऊन, ब्रशनं त्यानं बाराच्या बारा कवट्यांना फासला. "अब झकास!" म्हणाला. मामा बघत राहिले. त्या दिवशी त्यांनी चहा घेतला नाही.

आता कुत्र्याचं. गल्लीतले फर्नांडिस अंकल. बायको गेलेली, मुलगा गल्फला. सोबतीला टायगर नावाचा कुत्रा, तोही म्हातारा होऊन मेला. अंकल त्याला चादरीत गुंडाळून सरांकडे घेऊन आले. "डोकं ठेव माझ्यासाठी. बाकी पुरून टाक."

दोन महिन्यांनी कवटी तयार झाली. अंकलनी ती उलटीसुलटी केली. "हा माझा टायगर नाय."

सरांनी तुटका सुळा दाखवला. गेटचा गज चावताना तुटलेला, अंकलना पाठ होता तो. बराच वेळ ते सुळा चाचपत बसले.

"टायगरच," म्हणाले. "पण ह्याला असा हसताना मी कधी बघितला नव्हता, मॅन!"

कवटी तिथेच टेबलावर ठेवून गेले. पुन्हा कधी मागितली नाही.

नंतर सरांचं डोकं दुखायला लागलं. पहिल्यांदा आम्हाला वाटलं, पेरॉक्साइडच्या वाफेनं असेल. एका सकाळी मोठं पाकीट घेऊन आले. आतली एक्स-रेची फिल्म खिडकीच्या उजेडात धरली.

"बघा रे, काय सुंदर स्पेसिमेन आहे! फक्त दाढा कमी."

कुणी हसेना, तसे स्वतःच हसले. मग मला म्हणाले, "वसुधा, लेबल लिही. मोने. नर. वय पासष्ट."

मी लिहिलं नाही. दिवाळीच्या आधीच सर गेले.

आणखी एक किस्सा आहे, सरांच्या आजाराच्या आधीचा. तो आम्ही मिलिंदसमोर काढत नाही.

मिलिंद घाटकोपरच्या डोंगरावर वडिलांबरोबर, म्हणजे आबांबरोबर, राहायचा. आबांच्या तरुणपणी गावात मेलेली ढोरं ओढायचं काम त्यांच्या वस्तीवर लादलेलं होतं. एक दिवस वस्तीनं ठरवून ते सोडलं. गावानं मजुरी बंद केली, दुकानातलं मीठसुद्धा बंद केलं. आबांनी उपास काढले, पण ढोराला हात लावला नाही. हे सगळं मिलिंदनंच आम्हाला सांगितलेलं. आबांना मात्र त्यानं एवढंच सांगितलं होतं, "कॉलेजला सामान पुरवायच्या कंपनीत आहे."

एका दुपारी आबा पत्ता विचारत विचारत शेडच्या दारात उभे! स्वच्छ पांढरा सदरा, हातात डबा. पोरगा सकाळी घरीच विसरला होता. मिलिंदचे दोन्ही हात कोपरापर्यंत पिंपात, बैलाच्या डोक्यावर.

सर पुढे झाले, खुर्ची दिली. आबा बसले नाहीत.

"कवापासनं?" त्यांनी मिलिंदला विचारलं.

"तीन वर्षं झाली, आबा."

"कुनी जबरदस्ती केली?"

"नाही. शिकायला लागतं हे. पोरं यावर शिकतात."

आबा आत आले. फळीवरच्या कवट्या एकेक करून पाहिल्या, हात न लावता. मग म्हणाले, "हात धू. जेवून घे."

मिलिंदनं नळावर हात धुतले. साबण लावून, घासून घासून. आबांनी त्याचे ओले हात आपल्या हातांत घेतले, नाकाशी नेले. क्षणभर तसेच धरून राहिले.

"अजून येतोय," एवढंच म्हणाले. डबा स्टुलावर ठेवला आणि निघून गेले.

मिलिंदनं पुन्हा हात धुतले. मग पुन्हा. डबा तसाच राहिला. मामा मला म्हणाले, "ह्यो आता उद्या येवचो नाय गो."

दुसऱ्या दिवशी नऊच्या ठोक्याला मिलिंद हजर! नळाजवळच्या फळीवर त्यानं साबणाची कोरी वडी ठेवली.

"आबांनी दिलीय," म्हणाला, आणि बाह्या वर केल्या.