सासूबाई पहिल्या रांगेत

क्रांती चौकाजवळच्या एका कॉम्प्लेक्सच्या तळघरात ते पुस्तकांचं दुकान आहे. दर्शनी कपाटांत पोलीस भरतीची आणि तलाठी परीक्षेची गाईडं, आणि त्यांच्या जिवावर मागच्या भिंतीला कथा-कविता. मालक हौशी. महिन्यातून एक तरी कार्यक्रम व्हायलाच हवा, हा त्यांचा हट्ट. कार्यक्रमाला वक्ता, वक्त्याची बायको आणि आम्ही. तारीख ठरवताना नळाचा दिवस बघावा लागतो, कारण आठवड्यानं येणारं पाणी सोडून कविता ऐकायला येईल असं माणूस या शहरात मला तरी भेटलेलं नाही. मी स्वतःसुद्धा येणार नाही.

शनिवारी दुपारी तिथं आमचा लेखनवर्ग भरायचा. पाच-सहा बायका, विषय आपापल्या आठवणी. नियम एकच, इथं वाचलेलं बाहेर न्यायचं नाही. विम्याच्या ऑफिसातून सुटल्यावर वेळ जात नाही म्हणून मी जाऊ लागले, आणि खरं सांगायचं तर आधी नुसता वैताग आला. जी ती आपल्या माहेरच्या विहिरीवर नाहीतर चिंचेच्या झाडावर.

मग एका शनिवारी त्यांतल्या एकीनं वाचलं. ती माहेरची फर्दापूरची. लेण्यांकडं जाणाऱ्या रस्त्यावर तिच्या वडिलांचं चहाचं हॉटेल होतं. आता सिडकोत सासरी, चाळिशी ओलांडलेली, कमी बोलणारी. तिनं लिहिलं होतं ते नणंदेच्या साखरपुड्याच्या दिवसाबद्दल. घरात पुरणाचा स्वयंपाक चाललेला, आणि सकाळीच फोन आला की तिची आई गेली. फोन सासूबाईंनी घेतला. सुनेला सुतक म्हणजे साखरपुडा पुढं ढकलावा लागणार, म्हणून त्यांनी निरोप पोटातच ठेवला. ही दुपारभर पाहुण्यांना आग्रह करकरून पोळ्या वाढत राहिली, विहीणबाईंच्या थट्टेला हसत राहिली. पंगती उठल्या, पाहुण्यांच्या गाड्या गेल्या, हिनं स्वतःचं ताट वाढून घेतलं, आणि मग तिला सांगितलं गेलं. ती फर्दापूरला पोहोचली तोवर सगळं उरकलं होतं. ‘घरात सगळ्यांना माहीत होतं,’ असं तिनं लिहिलं होतं, ‘आणि मी हसत होते ते सगळे बघत होते.’

मालक चहा घेऊन आले होते, ते तसेच जिन्यात उभे राहिले. हे तळघर, ती गाईडं, हा सगळा खटाटोप एवढ्यासाठीच होता असं मला वाटलं. वाटायला नको होतं.

कारण मालकांना राहवलं नाही. त्यांनी वर्गाचं जाहीर वाचन ठरवलं. ती लगेच हो म्हणाली. अनोळखी माणसांपुढं एकदा हे मोठ्यानं वाचायचंच होतं तिला. घरी कळेल अशी शंका तिला आली नाही, आम्हालाही नाही. आमच्या कार्यक्रमांना येतं कोण? आणि या भल्या माणसानं काय करावं? तिचा फोटो टाकून रंगीत निमंत्रण केलं, खाली शीर्षक छापलं ‘आई गेली त्या दिवशी’, आणि शहरातल्या झाडून सगळ्या व्हॉट्सअॅप ग्रुपांवर धाडून दिलं. संध्याकाळच्या आत ते तिच्या कॉलनीत पोहोचलं.

वाचनाच्या रविवारी सिडकोला पाणी नव्हतं. अख्खी कॉलनी आली. खुर्च्या कमी पडल्या, वरच्या झेरॉक्सवाल्याकडून आणाव्या लागल्या. पहिल्या रांगेत सासूबाई, गुडघ्याला पट्टा आणि अंगावर ठेवणीतली साडी. शेजारी हिचा नवरा. नणंद मोबाईल धरून शूटिंगला तयार.

मी तिला कपाटामागं गाठलं. “दुसरं काहीतरी वाच. वडिलांच्या हॉटेलाचं वाच.”

“कसं वाचू ताई? सगळ्यांनी निमंत्रण बघितलंय. तेच ऐकायला आलेत.”

पहिलं पान तिनं जसंच्या तसं वाचलं. फोन आला, सासूबाईंनी घेतला, इथवर आली आणि थांबली. मग कागद खाली केला आणि बोलत गेली. “फर्दापूर लांब. पोर उपाशीपोटी रडत जाईल, म्हणून माझ्या सासूबाईंनी काळजावर दगड ठेवला. मला जवळ बसवून आपल्या हातानं दोन घास भरवले, आणि मगच सांगितलं. त्या दिवशी माझी एक आई गेली आणि दुसरी मिळाली.”

बायका पदर डोळ्यांना लावून रडल्या. मालकांनी सासूबाईंना शाल-श्रीफळ दिलं. नंतर सासूबाईंनी माझा हात धरला. “लई खरं लिवलंय बघा माझ्या सुनंनं. अगदी असंच झालतं.” त्यांच्या डोळ्यांतलं पाणी खोटं नव्हतं. मला संताप आला होता, पण तो काढायचा कुणावर? टाळ्या वाजवणाऱ्यांत मीही होते.

पुस्तक एकही खपलं नाही. पोलीस भरतीचं एक गाईड गेलं.

आता दर महिन्याला घरच्यांना बोलावून वाचन होतं. गर्दी असते. वर्गातल्या सगळ्यांच्या सासवा प्रेमळ निघाल्या आहेत. कुणी खरं लिहीत नाही, आणि पुन्हा लिहील असं मला वाटत नाही. तिला महिला मंडळं बोलावतात, शाळा बोलावतात. मी वर्गाला जाते, कारण घरी बसून तरी काय करणार.

मध्यंतरी ती करमाडच्या एका शाळेत वाचून आली होती. दुकानाच्या जिन्यात भेटली. मी म्हटलं, “आपण दोघीच आहोत. ते पहिलं लिहिलेलं जपून ठेवलंयस ना?”

तिनं नजर चुकवली नाही. “नाय ठेवलं, ताई. परत लिहायला बसले होते एकदा. पण आता मलाबी त्यांनी घास भरवलेलाच आठवतो.” मग जिना चढता चढता म्हणाली, “तूप जास्त झालतं त्याला.”