ऑगस्टीन म्हणाला, लस संपली

होळी गावच्या दवाखान्यात ऑगस्टीन कंपाउंडर बावीस वर्षं पोरांना सुया टोचत होता. "ती बघ पाल!" म्हणायचा, पोर छताकडे बघतंय तोवर काम फत्ते. पाल कधीच नसायची.

तर असा हा माणूस २००६च्या उन्हाळ्यात सलग तीन रविवार चर्चमध्ये ख्रिस्तप्रसाद घ्यायला बाकावरून उठलाच नाही. मनावर पाप असलेलाच तो घेत नाही, गावाला काय, तेवढंच पुरे! जो तो आपापलं पाप त्याच्या नावावर खपवू लागला.

खरं कारण होतं एक पत्रक. कुवेतहून आलेल्या मेव्हण्याने दिलेलं. रुबेलाची, म्हणजे जर्मन गोवराची, लस ज्या पेशींवर वाढवतात, त्या चाळीसेक वर्षांपूर्वी परदेशात गर्भपात झालेल्या बाळाच्या, असं त्यात होतं. ऑगस्टीन मोजू लागला. ही लस आपण किती दंडांत टोचली!

डॉक्टरांना विचारायचं सोडून या बाबाने स्वतःच निकाल लावला. जवळच्या गास गावाहून स्वप्नाली सव्वा वर्षाच्या कल्पेशला घेऊन आली, तेव्हा फ्रिजमध्ये लस असून म्हणाला, "संपली, बाय." स्वप्नालीला तिसरा महिना होता.

आठ दिवसांनी निरोप आला. कल्पेश तापलाय, अंगभर पुरळ उठलंय.

ऑगस्टीनला ठाऊक होतं. हा रुबेला असला आणि आईला लागला, तर पोटातलं बाळ आंधळं, बहिरं जन्मायचं. एका न जन्मलेल्या बाळापायी लस लपवली, आणि दुसऱ्यावर बेतलं! तो धावत चर्चच्या फादर सॅन्टनकडे गेला आणि रडत सगळं ओकला.

"अरे शहाण्या," फादर कडाडले, "ज्यांनी ते केलं त्यांना देव जाब विचारील. तुझा हात त्यात नव्हता. दुसरी लस मिळत असेल तर ती वापर. नसेल तर हीच दे, पोरं वाचव, आणि निर्दोष लस बनवा म्हणून कंपनीला खरमरीत पत्र लिही. रोमहून गेल्या वर्षी हेच कळवलंय. तुझं पाप खोटं बोललास ते! आधी डॉक्टरांना घेऊन गासला जा. मग त्या आईला खरं सांग. हेच तुझं प्रायश्चित्त."

डॉक्टरांनी कल्पेशच्या कानामागे गाठी आहेत का चाचपलं, रक्त तपासायला पाठवलं. तीन दिवस ऑगस्टीन रिपोर्टची वाट बघत होता. रिपोर्ट आला. रुबेला नव्हता, साधं घामोळं आणि सर्दीचा ताप! देवा रे! दवाखान्याच्या पायरीवर बसून तो लहान पोरासारखा रडला.

गासला त्याला खरं सांगायचं धाडस झालं नव्हतं. पंधरवड्याने स्वप्नाली पुन्हा आली. "आली का लस, काका?"

"होतीच गं बाय. मी खोटं बोललो." त्याने पत्रकापासून सगळं सांगितलं.

स्वप्नालीचा हात पोटावर गेला. मग तिने कल्पेशचा दंड पुढे केला.

"टोचा. पण काका, पालीचं खोटं आता नको."

ऑगस्टीनने सुई उचलली. "बाळा," तो म्हणाला, "थोडं दुखेल हं."