समुद्रकाठच्या घराची चतुःसीमा

मी शेत विकलं नाही म्हणून गावात माझं फार चांगलं बोलतात. म्हाताऱ्यानं माती सोडली नाही म्हणतात. शाळेच्या मास्तरांनी तर वर्गात माझी गोष्ट सांगितली. ती गोष्ट खोटी आहे. मी जिवंत असताना माझ्या नावावर खोटं चालू नये, म्हणून हे लिहून ठेवतो. चौथीपर्यंत शिकलो, अक्षर वाकडं आहे. पण सही माझी मीच करतो, अंगठा देत नाही. हे सगळं त्या एका सहीवरूनच झालं.

शेत जंगलाच्या दाराशी, मोहर्लीच्या रस्त्याला लागून आहे. धानाच्या पाच बांध्या, म्हणजे खाचरं, आणि पूर्वेच्या धुऱ्यावर, शेजाऱ्याच्या हद्दीवर, एक जुनं मोहाचं झाड. वाघ फिरतो म्हणून आधी ते शेत कोणी फुकट घेत नव्हतं. आता वाघ फिरतो म्हणूनच रिसॉर्टवाले त्यासाठी दारात येऊन बसतात. माणसाची अक्कल कशी फिरते ते मी या जंगलाच्या काठावर बसून पाहिलं आहे, म्हणून कोणी मला जग दाखवायला आलं की माझं डोकं तापतं.

जग दाखवायला आला माझा मुलगा. तो जंगलात पर्यटकांची जिप्सी चालवतो. दिवसभर पुण्या-मुंबईच्या लोकांच्या गप्पा ऐकतो आणि संध्याकाळी त्या आमच्या ताटात वाढतो.

"बाबा, इजिप्त म्हणून देश हाय," तो जेवता जेवता म्हणाला. "त्याच्या समुद्राकाठी नवीन बिल्डिंगा बांधून राह्यले. सुट्टीत राहाले घर. बाकीच्या दिवसात गोरे लोक भाड्यानं घेतेत. आता तिथी कोणी जात नाई, पण धा वर्षांनी मोहर्लीसारखं होईन."

"मोहर्लीसारखं होईन म्हणते, आन् मोहर्लीचं विकून घेतो म्हणते. तुले कुत्रं चावलं का?"

"तुम्ही कधी समुद्र पाह्यला का?"

"नाई. समुद्रानं तरी मले कुठी पाह्यलं."

बायको मधे पडली. "अजी, पाहून तं या. पाहाले काय जाते?"

शेत माझ्या नावावर. रिसॉर्टवाला तयार, मुलगा तयार, फक्त माझी सही पाहिजे होती. म्हणून मला धुतलेलं धोतर नेसवून चंद्रपूरला नेलं.

तिथे घरं विकणाऱ्या कंपनीनं एका हॉटेलात मोठी खोली घेतली होती. उन्हाळ्याचे दिवस, आणि आत थंडी इतकी की मी उपरणं कानाला गुंडाळलं. कोट घातलेला नागपूरचा एक माणूस भिंतीवर चित्रं दाखवत होता. निळं पाणी, पांढरी घरं, खजुराची झाडं. माणूस एकाही चित्रात नाही. समोर ठेकेदार, दोन डॉक्टर, दुकानदार बसलेले. मला पहिल्या रांगेत बसवलं आणि पनीरचे पकोडे दिले.

इथे खरं सांगायला पाहिजे. मी अर्धा राजी झालो होतो.

समुद्र पाहून नाही. पूर्वेच्या शेजाऱ्यामुळे. त्या धुऱ्यावरच्या मोहावरून त्याचं माझं वीस वर्षं बोलणं नाही. झाड माझं असं मी म्हणतो, झाड त्याचं असं तो म्हणतो. फुलं पडायच्या दिवसांत पहाटे दोघंही टोपल्या घेऊन हजर. फुलं स्वच्छ वेचता यावीत म्हणून तो त्याच्या बाजूची पानं झाडतो, मी माझ्या बाजूची. मधे राखेची रेघ. रेघेच्या पलीकडे पडलेलं फूल उचललं म्हणून एकदा त्यानं माझी टोपली लाथेनं उडवली, आणि मी त्याच्या बैलाला शिवी दिली. त्याला दिली असती तर परत बोलावं लागलं असतं. तर त्या थंड खोलीत माझ्या मनात आलं, त्या माणसाला कळलं की माझं समुद्राकाठी घर आहे, तर त्याचं तोंड कसं होईल. नुसतं ते तोंड पाहायला मी पाच बांध्या द्यायला निघालो होतो. मास्तरांनी हे पोरांना सांगावं.

कोटवाल्यानं घराचा कागद पुढे केला. मी म्हटलं, "आधी चतुःसीमा सांगा."

आमच्याकडे जमीन घ्यायची तर चारही धुऱ्यांचे शेजारी बोलावतात. घेणारा, देणारा आणि ते चौघं शेताला फेरी मारतात. पूर्वेला मी, दक्षिणेला मी, असं ज्यानं त्यानं आपल्या तोंडानं म्हणायचं. मग कागद. सरकारी कागदावर पण चार बाजू लिहिलेल्या असतात, पण आम्ही कागदाच्या आधी तोंड पाहतो.

"काका, हा चौथ्या मजल्यावरचा फ्लॅट आहे," तो गोड बोलला. "याला तशी चतुःसीमा नसते."

"काऊन नसते? हवेत हाय का?"

मागे कोणी हसलं.

"म्हणजे खाली तिसरा मजला, वर पाचवा..."

"मंग चार नाई, सहा झाल्या. खाली कोण हाय?"

"ते अजून विकलं जायचंय."

"वर?"

"तेही."

"प्यायचं पाणी कुठून येते?"

"समुद्राचंच पाणी मशीननं गोडं करतात."

"मशीन बंद पडली का मंग?"

मुलानं माझा हात दाबला. "बाबा, बस करा ना. लोक पाहून राह्यले."

"पाहू दे. मी का चोरी करून राह्यलो?" मी कोटवाल्याकडे वळलो. "पूर्वेले कोण ते सांगा. बाकी राहू द्या."

त्यानं लॅपटॉपात पाहिलं आणि त्याचा चेहरा खुलला. म्हाताऱ्याला गप्प करायला काहीतरी सापडलं होतं. "काका, तुम्ही तर नशीबवान आहात. परदेशात शेजार कसा असेल ही सगळ्यांनाच काळजी असते. तुमच्या पूर्वेला तुमच्याच गावचे आहेत. मागच्या आठवड्यातच बुकिंग झालं." आणि त्यानं नाव वाचलं.

शेजाऱ्याचं नाव.

मी मुलाकडे पाहिलं. तो जमिनीकडे पाहत होता. शेजाऱ्याचा मुलगाही जिप्सीच चालवतो. दोघांनी मिळून ठरवलं होतं, शेजारी शेजारी घेऊ, म्हाताऱ्यांना आत्ताच सांगू नये.

"बाबा, त्याचं वावर गेलं रिसॉर्टले. आता कायचं भांडण? झाडच राह्यलं नाई त्याचं."

"झाड त्याचं नव्हतंच," मी म्हणालो.

"बरं, नव्हतं."

"सात समुद्र ओलांडून जाऊ, आन् दार उघडलं का पुढी त्याचं थोबाड? त्यापेक्षा इथीच मरतो."

पेन टेबलावर ठेवलं आणि निघालो. मुलगा जिप्सी घेऊन मागे आला, मी बसलो नाही. एसटीनं परत आलो. म्हणजे मी शेत ठेवलं ते मातीसाठी नाही. तो माणूस तिथेही पूर्वेला असता म्हणून ठेवलं. दक्षिणेला असता तर कदाचित विकून बसलो असतो.

मुलगा तेव्हापासून माझ्याशी बोलत नाही. घरात आईच्या तोंडून बोलतो. "त्यायले सांग, भाजीत मीठ जास्त झालं." मीही तिच्याच तोंडून सांगतो, की मीठ बरोबर आहे, जीभ समुद्राची झाली. ती बिचारी दोघांच्या मधे ताट धरून उभी राहते. याची मला लाज वाटते. पण मी आधी बोलणार नाही.

रिसॉर्टवाल्यानं शेजाऱ्याच्या वावराला कंपाउंड घालायचं ठरवलं आणि सरकारी मोजणी आणली. मोजणीवाले यंत्र घेऊन आले. मी माझ्या बांधीत उभा, शेजारी रस्त्यावर उभा. त्याला आता आत उभं राहायची गरज नव्हती. मोजणीवाल्यानं खूण केली आणि दगड रोवला. दगड मोहाच्या अलीकडे, माझ्या बाजूला बसला. चांगला हातभर. झाड पलीकडे.

म्हणजे झाड त्याचं होतं. वीस वर्षं त्याचंच होतं. मी फुलं वेचली ती त्याची. हे मी घरी कोणाला सांगितलं नाही. मोजणीवाले सोडले तर ती शेजाऱ्यानंच पाहिली, आणि मी.

भिंत झाली. झाड आत राहिलं. यंदा फुलं पडायला लागली तेव्हा मी पहाटे टोपली घेऊन गेलो. भिंतीवरून ज्या फांद्या माझ्याकडे येतात त्यांच्याखाली पानं झाडलेली होती. पाहतो तर शेजारी भिंतीच्या बाहेर, माझ्या बांधीच्या पाळीवर, म्हणजे मातीच्या बांधावर, रिकामी टोपली घेऊन उभा. आत त्याला वॉचमननं सोडलं नव्हतं. त्याच्या समुद्राच्या बिल्डिंगचे दोन मजले झाले आहेत, असं त्याचा मुलगा गावात फोटो दाखवत फिरतो. त्याचा चौथा मजला अजून आभाळात आहे.

वीस वर्षांनी तो माझ्याशी बोलला.

"भाऊ, मोजणी पाह्यली ना?"

"पाह्यली."

"झाड कोणाचं निघालं?"

तो फक्त तेवढं ऐकायला आला होता. शेत गेलं, झाड गेलं, एवढं एक वाक्य त्याला माझ्या तोंडून पाहिजे होतं. ते त्याच्या हक्काचं होतं, हे मला त्याच्यापेक्षा जास्त माहीत होतं.

"तुझं होतं," मी म्हणालो. "तू विकलं."

तो टोपली काखेत घालून पाळीवरून उतरला आणि रस्त्याला लागला. खाली माझ्या बांधीत फुलं पडली होती. दगडाच्या हिशोबानंही माझीच. ऊन यायच्या आधी वेचायची होती, म्हणून मी खाली बसलो. झाडलोट त्यानं चांगली केली होती. एक पान ठेवलं नव्हतं.