शालूताईचा डाटा

आष्टीच्या बाजाररस्त्यावर माझं ऑनलाइन फॉर्म भरायचं दुकान आहे. पीकविमा, उत्पन्नाचा दाखला, बारावीचा निकाल, रेल्वेचं तिकीट, म्हणाल ते. कॉम्प्युटरमधलं मला जेवढं कळतं तेवढं या गावात कुणालाच कळत नाही, असं मी दहा वर्षं धरून चाललो होतो. ही समजूत शालूताईनं मोडली, तीही माझ्याच खुर्चीशेजारी स्टूल टाकून. तिच्याबद्दल लिहायचं तर ही कबुली आधीच देऊन टाकलेली बरी.

शालूताई मोटरी भरते. शहरातल्या माणसाला हे सांगावं लागतं म्हणून सांगतो. विहिरीवरची पाण्याची मोटर जळली की तिच्यातली तांब्याची तार कापून काढतात आणि नवी तार गुंडाळून बसवतात. त्याला मोटर भरणं म्हणतात. तार किती जाड, एका कॉइलला वेढे किती, कॉइली जोडायच्या कशा, हा त्या मोटरीचा डाटा. त्यात चूक झाली की मोटर तापते आणि आठ दिवसांत परत दुकानात येते, सोबत मालकाच्या शिव्या घेऊन. मोठ्या कंपन्यांचा डाटा छापील मिळतो. पण आमच्या भागात निम्म्या मोटरी कुठंतरी जोडलेल्या, धड नाव नसलेल्या. त्यांचा डाटा फक्त जळक्या तारेत असतो. ती कापताना वेढे मोजायचे आणि लिहून ठेवायचे, दुसरा मार्ग नाही.

ज्याच्याकडं जास्त मोटरींचा डाटा, तो मोठा वाइंडर. त्यामुळं या धंद्यात कुणी कुणाला डाटा सांगत नाही. परतूरच्या भुजंगरावांना अख्खा तालुका उस्ताद म्हणतो. ते वेढे मोजायला बसले की दुकानाचं शटर अर्धं खाली ओढायचे. शालूताईचे मालक, म्हणजे तिचे यजमान शिवशंकरभाऊ, त्यांच्याकडं पाच वर्षं होते. पाच वर्षांत त्यांना वार्निश लावायला मिळालं, उस्तादांची वही काही बघायला मिळाली नाही.

शालूताई मेंढपाळाची पोरगी. तिचे वडील म्हस्कूबाबा दिवाळी झाली की मेंढरं घेऊन विदर्भाकडं निघायचे आणि बिऱ्हाडही सोबत जायचं. तिची शाळा सातवीपर्यंत, तीही तुकड्यातुकड्यानं. लग्नानंतर शिवशंकरभाऊंनी आष्टीत दुकान टाकलं. पुढं साखरेच्या आजारानं त्यांची नजर अधू झाली, बारीक तार दिसेना. तेव्हा त्यांच्या जागेवर ती बसली. लोक म्हणायचे, बाईनं भरलेली मोटर विहिरीत टिकंल का? लोक म्हणायचे कशाला, मीही म्हणालो होतो. आज मंठ्याकडून आणि घनसावंगीकडून तिच्याकडं टेम्पोनं मोटरी येतात. बोलणारे आता तिच्याच बाकड्यावर नंबर लावून बसतात.

तिची लिहून ठेवायची रीत तिची तिनंच काढलेली. वहीला तेलाचे हात लागतात म्हणून ती मोटर पुसायची आणि तिच्या अंगावरच खडूनं सगळं लिहायची: मालकाचं नाव, तारेचा नंबर, वेढे, जोडणीचं चित्र. मग मोबाइलवर फोटो काढून नोंदी ठेवायच्या एका अ‍ॅपमध्ये टाकायची आणि वर फक्त गावाचं नाव लिहायची. नऊ वर्षं तिनं हे केलं. दोन हजारांच्या वर मोटरी झाल्या.

फेब्रुवारीत एका दुपारी ती फोन घेऊन आली. "भागवतभाऊ, हे काय म्हणून राह्यलं बघा बरं. चार दिवस झाले, उघडलं की हेच येतंय."

मी वाचलं. कंपनी ते अ‍ॅप एकतीस मार्चला बंद करणार होती. आपापल्या नोंदी त्याआधी काढून घ्या, नंतर काहीही मिळणार नाही, असं सरळ लिहिलं होतं.

ती स्टूलावर बसली. मग म्हणाली, "वेढे मोजायला येतात मला. पर दोन हजार मोटरी पुन्हा जळायची वाट बघू का?"

मी तिला धीर दिला. म्हटलं, हातचा मळ आहे. पण सगळ्या नोंदी एकदम काढायची सोय फोनवर नव्हती, कॉम्प्युटरवरच होती, आणि कॉम्प्युटर पासवर्ड मागत होता. शालूताईनं पासवर्ड कधी पाहिलेलाच नव्हता. नऊ वर्षांपूर्वी तिनं जुन्या जालन्यात फोन घेतला तेव्हा दुकानदारानंच ईमेल काढला, खाती उघडली आणि फोन हातात दिला. आमच्याकडं अशीच पद्धत आहे. पासवर्ड बदलायचा म्हटलं तर ओटीपीचा आकडा जायचा त्या दुकानदाराच्या मोबाइलवर.

दुसऱ्या दिवशी तिनं दुकान बंद ठेवलं. परतूरहून रेल्वेनं आम्ही जालन्याला गेलो. जुन्या जालन्यातल्या त्या जागी आता साड्यांचं दुकान होतं. तिथं विचारलं, पुढच्या गल्लीत विचारलं, आणि शेवटी तो माणूस एका धान्याच्या दुकानात काट्यावर पोती मोजताना सापडला. मच्छिंद्र त्याचं नाव. आम्ही काय मागतोय ते कळल्यावर तो हसायलाच लागला.

"पासवर्ड? ताई, मी समद्या गिऱ्हाइकांला एकच द्यायचो. दुकानाचं नाव अन् म्होरं एक दोन तीन. कोण लक्षात ठेवत बसंल?"

मी त्याला चांगलाच झापला. लोकांच्या जिवाशी खेळता का, वगैरे. माझ्या दुकानात मी लोकांना जे ईमेल काढून देतो त्यांचाही पासवर्ड एकच असतो, हे मी तिथं बोललो नाही.

त्याचा जुना नंबर चालू होता हे नशीब. त्यावर आलेला आकडा त्यानं सांगितला आणि खातं उघडलं. शालूताईनं नवा पासवर्ड तिथंच टाकला, मला आणि मच्छिंद्रला भिंतीकडं तोंड करायला लावून.

आष्टीला येऊन मी काम हातात घेतलं. नोंदी बाहेर काढायचे दोन-तीन प्रकार होते. मी सगळ्यात हलका निवडला, लवकर उरकतो म्हणून. पाच मिनिटांत सगळी फाइल उतरली. मी पेनड्राइव्हमध्ये टाकली आणि म्हणालो, "झालं ताई. आता अ‍ॅप काढून टाका, खातंही मी बंद करून देतो." बाण नेऊन बटणावर ठेवलासुद्धा.

"थांबा," ती म्हणाली. "आधी उघडून दाखवा."

मी उघडलं. पहिली नोंद पाटोदा. दुसरी आसनगाव. तिसरी पुन्हा पाटोदा. नुसती गावांची नावं, एकाखाली एक. मी निवडलेल्या प्रकारात फक्त अक्षरं उतरत होती. फोटो सगळे मागंच राहिले होते, आणि डाटा तर फोटोतच होता.

माझे कान तापले. तिनं थांबवलं नसतं तर नऊ वर्षांची कमाई मी माझ्या हातानं पुसून टाकली असती, आणि वर तिच्याकडून शाबासकी घेतली असती.

दुसऱ्यांदा फोटोंसकट काढायला घेतलं. आमच्या नेटची चाल माहीत असलेल्याला सांगायला नको, दोन दिवस गेले. पण सगळं आलं. नोंद उघडली की खडूनं लिहिलेली मोटर समोर दिसायची. मी पुन्हा म्हणालो, झालं. शालूताई म्हणाली, "एकेक बघू द्या."

दोन हजार नोंदी एकेक! मी हात जोडले. तिनं ऐकलं नाही. म्हणाली, तिचे वडील संध्याकाळी मेंढरं वाघुरीत, म्हणजे जाळीच्या कुंपणात, घालताना कधी आकडा मोजायचे नाहीत. दारात उभे राहून येणारीचं तोंड बघायचे, आणि शेवटी कोण आली नाही ते सांगायचे. शालूताई रोज दुपारी तास-दोन तास तशीच बसली. गिऱ्हाइकं फॉर्म भरायला आली की स्टूल थोडं सरकवायची, गेली की पुन्हा पुढं. फोटो यायचा, ती मान हलवायची, पुढचा यायचा. कधी म्हणायची, "हा माणूस लई चिकट," कधी म्हणायची, "ही मोटर अजून चालू हाय."

सहाव्या दिवशी ती म्हणाली, "वाटूर न्हाई."

"वाटूरच्या तर सोळा आहेत की," मी म्हणालो.

"शाळंमागच्या विहिरीची न्हाई. पाच घोड्याची. मागच्या पावसाळ्यात भरल्ती मी ती."

मला ती डोकेदुखी वाटली. तरी फोन घेतला आणि शोधलं. फोनमध्ये ती नोंद होती, बाजूला एक बारीकशी खूण होती. मागच्या पावसाळ्यात तिचं रिचार्ज संपलं होतं, तेव्हाच्या नोंदी फोनमध्येच अडकल्या होत्या, नेटवरून कंपनीकडं गेल्याच नव्हत्या. एक नाही, सदतीस! माझ्या सांगण्यावरून अ‍ॅप काढलं असतं तर त्या कुणालाच कधी सापडल्या नसत्या. मी निमूटपणे नेट जोडून त्या वर पाठवल्या, पुन्हा सगळं उतरवलं, आणि त्या सदतीस तिला एकेक दाखवल्या. या वेळी झालं असं मी म्हणालो नाही. ते तिनं म्हणायची वाट बघितली.

"झालं," ती म्हणाली. मला दहावी पास झाल्यासारखं वाटलं.

मग तिनं चार पेनड्राइव्ह मागितले. एक स्वतःकडं, एक माझ्याकडं, एक बदनापूरला बहिणीकडं, बायनाबाईकडं. इथवर ठीक होतं.

"अन् चौथा भुजंगरावांला," ती म्हणाली.

मी खुर्चीतून उठलोच. ज्या माणसानं तुमच्या मालकाला पाच वर्षं वही दाखवली नाही, त्याला घरबसल्या सगळा डाटा? डोकं ठिकाणावर आहे का?

तिनं मला बसवलं आणि सांगितलं. म्हस्कूबाबा दरसाल वीस मेंढ्या मंठ्याला आत्याच्या कळपात ठेवायचे. सांभाळ आत्याचा आणि होतील ती कोकरं निम्मी-निम्मी. एका वर्षी यवतमाळकडं असताना रोग आला आणि महिन्यात सगळा कळप मेला. माणसं मोकळ्या हातांनी घरी आली. आत्याकडच्या वीस तेवढ्या राहिल्या होत्या. "त्या विसांवर आमचं घर पुन्हा उभं राह्यलं, भागवतभाऊ. आत्याला कोकरं मिळाली, त्यात आमचं काय गेलं?"

"मेंढी वेगळी, धंदा वेगळा," मी म्हणालो.

"बायनाचा पेनड्राइव्ह कपाटात पडल. तुमचा बी पडल. खराब झाला तर कुणाला कळंल? भुजंगराव रोज उघडून बघतील. त्यांच्याकडं ते जितं राहील."

मी चौथा पेनड्राइव्ह कॉम्प्युटरला लावला.

ती स्वतः परतूरला जाऊन देऊन आली. भुजंगरावांनी पेनड्राइव्ह उलटसुलट करून पाहिला आणि काय पाहिजे म्हणून विचारलं. ती म्हणाली, काही नको, माझं कधी गेलं तर मागायला येईन. त्यांनी ड्रॉवर उघडला, आत टाकला, बंद केला. चहासुद्धा विचारला नाही म्हणे. ते ऐकून माझंच डोकं फिरलं. ती मात्र परतीच्या गाडीत मिळालेल्या द्राक्षांचं कौतुक करत होती.

एकतीस मार्चला अ‍ॅप बंद झालं. एक तारखेला उघडलं तर कंपनीनं आभार मानलेले. शालूताईनं ते फोनमधून काढलं आणि एक मोटर भरायला घेतली.

पुढच्या आठवड्यात माझा पंखा जळला म्हणून मी तिच्याकडं गेलो होतो. शिवशंकरभाऊ बाकड्यावर बसून बेअरिंग पुसत होते. तिचा फोन वाजला. हात वार्निशनं भरलेले, म्हणून मी स्पीकर लावून समोर धरला. भुजंगराव होते.

"शालू, मंगरूळचा एक जण मोटर घेऊन आलाय. तार आधीच कुणी काढून फेकल्याली, मोजायला काय बी न्हाई. तुझ्या फोटोत तसलीच एक सापडली. पर वेढे दोनदा लिहिल्यात. वर बेचाळीस, खाली चाळीस. कोणता आकडा धरू?"

"खालचा," ती लगेच म्हणाली. "वरचा मूळच्या तारेतला. आपल्याकडं व्होल्टेज पुरतं येतंय कधी? बेचाळीसवर ती मोटर तीनदा जळल्ती. मंग मी वेढे दोन कमी केले अन् तार एक नंबर जाड घेतली. चार वर्षं झाली, बिलकुल तक्रार न्हाई."

पलीकडं कागदावर पेन चालल्याचा आवाज आला.

"म्हंजे खालचा तुझा?"

"हो. खालचा माझा."

"बराबर," भुजंगराव म्हणाले. "खालचाच धरतो, उस्ताद."

फोन बंद झाला. शालूताई मोटरीवर वाकली, पण ब्रश हलत नव्हता. माझ्या डोळ्यांत पाणी आलं, खोटं कशाला सांगू.

"काय म्हणला तो?" शिवशंकरभाऊंनी विचारलं. त्यांची नजर अधू आहे, कान शाबूत आहेत. सगळं ऐकलं होतं त्यांनी.

"खालचा धरतो म्हणला," ती म्हणाली.

"त्याच्या म्होरं काय म्हणला?"

"तुम्ही ऐकलंय की."

"मला पुन्हा ऐकायचंय."

ती लाजली, हसली, पण काही केल्या तो शब्द तिच्या तोंडून निघेना. मग मीच दुकानाच्या पायरीवर आलो आणि अख्ख्या बाजाररस्त्याला ऐकू जाईल अशा आवाजात सांगितलं, "उस्ताद म्हणला, भाऊ! आपल्या शालूताईला उस्ताद म्हणला!"