पांढऱ्या पाठीचा तुडतुडा

शेणव्यातले आमचे शेजारी, निवृत्त विज्ञान शिक्षक, अंगावर बसलेला किडासुद्धा भिंगाखाली ओळखल्याशिवाय झटकत नाहीत. त्यांच्यासोबत चालणं म्हणजे जास्त करून थांबणंच.

गेल्या भादव्यात आमचं भात जागोजागी गोल चट्ट्यांनी पिवळं पडलं. भाऊ फवारणीचा पंप पाठीवर घेऊन उभा, आणि गुरुजी चिखलात गुडघे टेकून भाताच्या बुडख्याशी भिंग लावून बसलेले.

“गुरुजी, लवकर करा. पीक चाललंय.”

“थांब रे. तुडतुडाच हाय. पण तपकिरी नाय, पांढऱ्या पाठीचा.”

“मग औषध वेगळं?”

“नाय, तेच.”

“मग एवढा वेळ कशाला?”

“मारायचाच हाय, तर नाव तरी बरोबर घ्यावं.”

भात वाचलं. पण भावाने पंप चालू केला तेव्हा गुरुजी बांधावर थांबले नाहीत.